नातीच्या छातीतली टोपी

गेल्या महिन्यात धुळ्याला पुतण्याच्या साखरपुड्यात जेवायला बसलो होतो. मागच्या रांगेत एक तान्हं पोर रडायला लागलं आणि माझा उजवा अंगठा आपोआप दाबला गेला. हातात बट्टी होती. ती वरणात चुरली जायच्या ऐवजी शेजारी बसलेल्या व्याह्यांच्या धोतरावर चुरली गेली. व्याही सभ्य माणूस, त्यांनी नुसतं धोतर झटकलं. आमची ही मात्र पलीकडून म्हणाली, "रिटायर झालात ना? आता तरी लोकांच्या पोरांना सुखानं रडू द्या."

तिचं बरोबर आहे. पण आयुष्यभराची सवय एका निरोप समारंभात, शाल-नारळ घेऊन सुटत नाही. मी एक्स-रे टेक्निशियन. धुळ्यात शिकलो, जळगावात नोकरी केली, पिंप्राळ्यात घर बांधलं. लोक मला फोटोवाला भाऊ म्हणत. लोकांचे आतले फोटो काढण्यात माझी हयात गेली आणि त्यातही माझं खास काम कुठलं, तर लहान बाळांना रडवणं. त्यासाठी मला पगार मिळत होता. हे सांगितलं की लोक माझ्याकडे जरा वेगळ्या नजरेनं बघतात, म्हणून आधी कामाचं सांगतो.

छातीचा फोटो काढायचा तर छाती हवेनं भरलेली लागते. फुप्फुसात हवा असली की ती फोटोत काळी दिसतात आणि मग आत काही पांढरं असेल तर ते उठून दिसतं. श्वास सोडलेला असताना फोटो काढला तर सगळं एकमेकांवर दाटतं. चांगल्या माणसाची छाती आजारी दिसते, साधं हृदय मोठं दिसतं. म्हणून आम्ही सांगतो, श्वास घ्या आणि धरून ठेवा. आमच्या खान्देशातला माणूस इतका सरळ की श्वास घेतो, धरतो आणि लगेच सांगतो, "धरा भाऊ!", म्हणजे धरला. त्या दोन शब्दांत सगळा श्वास बाहेर. पाचोऱ्याचे एक आबा होते. त्यांनी असा धरला की फोटो झाला, कपडे घातले, दारापर्यंत गेले तरी सोडला नाही. शेवटी त्यांच्या पत्नी आत येऊन मला म्हणाल्या, "भाऊ, सोडा सांगा ना यांना, तुमच्याशिवाय ऐकत नाहीत."

तान्ह्या बाळाला मात्र कोण सांगणार? बाळ पोटभर श्वास एकाच वेळी घेतं, दोन टाहोंच्या मध्ये. एक टाहो संपतो, तोंड उघडंच, आवाज बंद, चेहरा लाल, आई घाबरते, आणि मग बाळ आत हवा ओढतं. तो क्षण आमचा. तिथे अंगठा पडला पाहिजे. नजर बाळाच्या पोटावर ठेवतात असं पुस्तकात आहे. मी कानावर काम करायचो. हुंदक्याचा आत जाणारा आवाज मला झोपेतही ओळखू येतो.

रडवायच्या माझ्या काही रीती ठरलेल्या होत्या. तळपायाला टिचकी. ती चुकली तर हातातलं खेळणं काढून घेणं. त्यानंही नाही झालं तर स्पिरिटचा गार बोळा. आणि अगदीच नाइलाज झाला तर माझं स्वतःचं तोंड. चष्मा नाकावर ओढून मी बाळाच्या समोर वाकलो की भलीभली बाळं शरण येत. पिंप्राळ्यात आमच्या गल्लीतल्या बाया पोरांना वरणभात भरवताना, "खातोस का फोटोवाल्याला बोलावू?" असं म्हणत. मला त्याचा अभिमान होता, खोटं कशाला बोलू?

आता त्या ग्रंथीचं सांगतो, कारण ही सगळी गोष्ट तिचीच आहे. छातीच्या हाडामागे, हृदयाच्या जरा वर एक मऊ ग्रंथी असते. तिला थायमस म्हणतात. आमच्या रेडिओलॉजिस्ट मॅडम ती रोग्यांच्या नातेवाइकांना फार छान समजावून सांगत. म्हणत, "ही पैलवानांची तालीम आहे. रोगाशी, विषाणूशी लढणाऱ्या पेशी इथे शिकून तयार होतात आणि मग अंगभर पहाऱ्याला जातात." शिकवणी लहानपणीच लागते, म्हणून ही ग्रंथी बाळपणी चांगली गुबगुबीत असते. मूल मोठं झालं की तालीम ओस पडत जाते आणि म्हातारपणी तिथे थोडी चरबी तेवढी राहते. बाळाच्या फोटोत ती हृदयाच्या बाजूला पांढरी दिसते. बाळानं श्वास सोडलेला असेल तर ती अशी पसरते की न्यूमोनियाचा डाग वाटावा, किंवा गाठ. फोटो नीट असेल तर तिचा कोपरा टोकदार दिसतो. जहाजाच्या शिडासारखा, असं पुस्तकात लिहिलंय. आमच्या गिरणा नदीत जहाज कुणी पाहिलंय म्हणा.

तर सुपडू नाना.

भडगावजवळच्या एका खेड्यातले सुपडू नाना पाटील. केळीचे बागायतदार, उंचेपुरे, टोपी कडक इस्त्रीची आणि मिशी अशी की बोलताना आधी ती हलायची, मग शब्द यायचे. या घराण्यात तीन पिढ्या मुलगी नव्हती. लोक मुलगा व्हावा म्हणून नवस करतात, नानांच्या घरात मुलगी व्हावी म्हणून करत. कारण होतं अखाजी, म्हणजे अक्षय तृतीया. आमच्याकडे अखाजीला लेकी माहेरी येतात, गौराई बसवतात, झाडाला झोके बांधतात, गाणी म्हणतात. नानांच्या अंगणात मोठा निंब, त्याला दरवर्षी नाना स्वतः झोका बांधायचे आणि त्यावर बसायला घरात लेक नाही. सुना आपापल्या माहेरी गेलेल्या. मग दुपारी नानांचे दांडगे पुतणेच त्यावर बसून फांदी मोडायचे. गावात यावरून नानांची फार थट्टा व्हायची.

आणि मग धाकट्या सुनेला, मनीषाला, मुलगी झाली. तिचं नाव गौरी ठेवलं. नानांनी पेढे वाटले, फटाके उडवले आणि आनंदाच्या भरात कानबाई देवीसमोर एक नवस बोलून बसले. पहिल्या अखाजीपर्यंत नातीच्या डोळ्यात पाणी येऊ देणार नाही. आलं तर मिशी उतरवीन.

असला नवस मी ना आधी ऐकला ना नंतर. पण नाना बोलले म्हणजे बोलले. सगळं खटलं कामाला लागलं. पोर कुरकुरली की एक काका खुळखुळा वाजवी, दुसरा कोंबड्यासारखा आरवे. नानांच्या घरच्या, सगळे त्यांना अक्का म्हणत, त्या दिवसरात्र गौराईची गाणी म्हणून घसा बसवून घेत. लसीच्या दिवशी सगळी भावकी आरोग्य केंद्रात नाचली म्हणे आणि सुई कधी टोचली ते पोरीला कळलंच नाही. पोरही स्वभावानं आनंदी. जो दिसेल त्याला हसायची.

अखाजी जवळ आली असताना गौरीला ताप भरला. खोकला, श्वास भराभरा, बरगड्यांखाली खळगे पडायला लागले. व्हायरल न्यूमोनिया. त्या दिवसांत आमच्याकडे अशी बरीच बाळं येत होती. औषधानं ताप जरा हटला, पण जवळच्या गावी काढलेल्या फोटोत उजव्या बाजूला वर मोठा पांढरा डाग दिसला. पोर फोटोच्या वेळीही शांत होती, हसत होती, म्हणजे श्वास अर्धाच. तिथल्या डॉक्टरांना शंका आली आणि ती रास्तच होती. हा नुसता न्यूमोनिया आहे, की मागे गाठ आहे? गाठ असेल तर मुंबई, आणि बहुधा ऑपरेशन. जळगावच्या बालरोगतज्ज्ञांनी सांगितलं की आधी एक नीट फोटो काढून आणा. सोनोग्राफीनंही कळलं असतं, पण आमचं ते मशीन दुरुस्तीला उघडलेलं होतं.

त्या दिवशी सकाळी आमच्या सेंटरसमोर दोन जीपगाड्या थांबल्या. मला वाटलं, वऱ्हाड चुकून इकडे आलं. आधी खुळखुळे घेतलेले काका उतरले, मग अक्का, मग गोधडीत गुंडाळलेली गौरी घेऊन मनीषा आणि शेवटी नाना. मागच्या जीपमध्ये मुंबईला जायचं सामान भरलेलंच होतं.

नाना थेट माझ्यापुढे उभे राहिले. मिशी हलली. "भाऊ, एक सांगी ठेवस. फोटू काढा, पन पोरले रडाडानं नही."

मी म्हटलं, "नाना, रडल्याशिवाय फोटो येत नाही."

"अखाजीलोंग तिना डोयामा पानी येवाले नको. मन्हा नवस शे."

"नवस तुमचा आहे, छाती तिची आहे," मी म्हणालो. माझं डोकं लवकर फिरतं. मागे पेशंट खोळंबले होते आणि एक काका व्हरांड्यात कोंबड्यासारखा आरवत होता.

नियम असा की खोलीत बाळाजवळ एकच माणूस थांबेल, शिशाचा एप्रन घालून. मनीषा पुढे झाली, पण नानांनी तिला हातानं थांबवलं. पोरीला कुणी रडवायला लागलं तर थांबवायला आपण तिथे असलं पाहिजे, असा त्यांचा हिशोब. आम्ही त्यांना एप्रन चढवला. शिसं जड असतं. नाना त्यात लोखंडी कपाटासारखे दिसत होते, वरून टोपी आणि मिशी. त्यांनी गौरीचे दोन्ही हात वर धरले. गौरीला वाटलं खेळ सुरू झाला.

मी टिचकी मारली. गौरी खिदळली, तिला गुदगुल्या झाल्या. मी तिच्या मुठीतलं रबरी बदक काढून घेतलं. तिनं दुसरी मूठ उघडून बिस्कीटही मला देऊ केलं. स्पिरिटचा बोळा लावला, तर तिला एक उचकी आली आणि उचकीचंही तिला हसू आलं. मी काचेमागून स्टीलचा ट्रे जमिनीवर आदळला. व्हरांड्यातल्या काकांना वाटलं आत पोर घाबरली. त्यांनी सगळे खुळखुळे एकदम वाजवले, अक्कांनी गाणं धरलं आणि गौरी टाळ्या वाजवायला बघू लागली, पण हात नानांनी धरलेले. मी दार उघडून ओरडलो, "बंद करा हा तमाशा!" खुळखुळे थांबले. मग एक काका हळूच म्हणाला, "भाऊ, ट्रे तर तुम्हीच पाडला ना."

आता माझं ठेवणीतलं हत्यार काढणं भाग होतं. मी चष्मा नाकावर ओढला, भुवया चढवल्या आणि गौरीच्या चेहऱ्यासमोर चेहरा नेला. या तोंडानं मी जळगावातली किती बाळं रडवली असतील, देव जाणे. गौरीनं ते नीट निरखलं. मग तिनं कसाबसा एक हात सोडवून माझा चष्मा ओढून घेतला आणि तोंडात घातला. नाना कौतुकानं म्हणाले, "हुशार शे पोर." मला इतका अपमान नोकरीत कधी वाटला नव्हता.

यात बराच वेळ गेला. पोर हसत होती खरी, पण मध्येच खोकायची, खोकली की निळसर व्हायची. काचेमागे मनीषा उभी होती. तिनं पदर तोंडात धरला होता. ते बघून माझा राग उतरला. त्या घरात नवसाला बांधलेले सगळे होते आणि पोरीसाठी घाबरलेली ती एकटी, असं मला तेव्हा वाटलं. ते चूक होतं, हे लगेचच कळलं.

मॅडम आत आल्या. त्यांनी आधीचा फोटो उजेडावर धरला आणि नानांना बोलावून डाग दाखवला. "नाना, हे दोहोंपैकी एक आहे. लहान बाळाला असते ती ग्रंथी, नाहीतर गाठ. ती रडली, छाती भरली, की मला सांगता येईल."

"आन नही रडनी ते?"

"तर मुंबईला न्या. तिथे तपासतील. कदाचित उघडून बघावं लागेल."

नाना परत गौरीजवळ गेले, हात वर धरले आणि तिच्या कानाशी वाकले. बाहेर खुळखुळे थांबले होते, म्हणून मला काचेमागे ऐकू आलं.

"रड ना माय. एकदाव रड. तुले काय जोयजे ते लई दिसू, पन रड."

गौरी हसली. नाना पुन्हा म्हणाले, "रड ना व माय." आणि मिशी हलली, पण या वेळी पुढे शब्द आले नाहीत. सगळा तालुका ज्यांच्यापुढे हळू बोलतो ते सुपडू नाना एप्रनच्या ओझ्याखाली गदागदा हलत रडायला लागले. पाणी गालांवरून मिशीत आणि मिशीतून गौरीच्या कपाळावर टपकलं. गौरी गप्प झाली. तिनं आयुष्यात रडणारं माणूस पाहिलंच नव्हतं, तिच्यासमोर तशी कुणाला परवानगीच नव्हती. ती नानांच्या ओल्या मिशीकडे बघत राहिली. खालचा ओठ बाहेर आला. थरथरला. आणि मग जन्मापासून साठवलेला टाहो तिनं एकदम सोडला. तोंड उघडं, आवाज बंद, चेहरा लाल. मी कान दिला. हुंदका आत गेला आणि माझा अंगठा पडला.

तो फोटो माझ्या नोकरीतला सगळ्यात देखणा फोटो. दोन्ही फुप्फुसं स्वच्छ भरलेली, खाली न्यूमोनियाच्या थोड्या रेघा, आणि उजवीकडे वर तो पांढरा भाग आता टोकदार कोपऱ्याचा, कडेला बरगड्यांनी मऊ दाबलेला. मॅडम हसल्या. "गाठ नाही. थायमस आहे. चांगली बाळसेदार आहे. फार आजारी, खंगलेल्या बाळांची ही आक्रसून जाते. हिची ताठ उभी आहे."

नानांनी डोळे पुसून फोटोकडे बघितलं. त्या टोकावर बोट ठेवलं. मग डोक्यावरची टोपी काढून तिचं टोक शेजारी धरलं.

"हाई ते टोपी शे! मन्ही टोपी!"

व्हरांड्यात बातमी गेली की पोरीच्या छातीत नानांची टोपी निघाली. एका काकानं विचारलं, गिळली कधी? अक्कांनी त्याला पाठीत धपाटा घातला. गौरी अजून रडत होती आणि कुणी खुळखुळा वाजवत नव्हतं. मनीषानं तिला घेतलं आणि पहिल्यांदाच निवांत रडू दिलं. मुंबईचं सामान परत गावाकडे वळलं. नाना मात्र जीपमध्ये बसले नाहीत. समोरच्या सलूनमध्ये शिरले आणि मिशी उतरवून बाहेर आले. नवस म्हणजे नवस.

याचा परिणाम काय झाला, तर गौरीनं नानांना ओळखणंच सोडलं. तो मोकळा ओठ दिसला की ती टाहो फोडायची. ज्या नातीच्या डोळ्यात पाणी येऊ नये म्हणून घर नाचत होतं, तिला नानांपासून लपवण्यासाठी आता घर नाचायला लागलं. त्या अखाजीला झोक्यावर गौरी आणि नाना केळीच्या आडून बघताहेत, असं झालं म्हणे. काही आठवड्यांनी तपासणीच्या फोटोला आणली तेव्हा मी टिचकीसाठी बोट उचललं, तर नाना खिन्नपणे म्हणाले, "कसाले भाऊ? मी येस ना समोर." नाना समोर आले, गौरीनं टाहो फोडला, फोटो झाला. एवढं सोपं काम मला कधी पडलं नाही. न्यूमोनिया साफ झाला होता, टोपी जागेवर होती.

पुढे मिशी वाढली, ओळख परत पटली आणि दरवर्षी अखाजीला मला बोलावणं यायला लागलं. गौरीला मी कोण आहे ते सगळे एकच सांगत, "हाऊ तो, तुले रडाडनारा." ती माझ्याकडे आदरानं बघायची. टोपीची गोष्ट, रडण्याची गोष्ट तिला पाठ होती. झोपताना तीच सांगावी लागे.

मग कोरोना आला. पहिल्या लाटेत नाना वाचले, दुसरीत सापडले. मी तेव्हा एका दवाखान्यात पोर्टेबल मशीन घेऊन वॉर्डात फोटो काढत होतो. पीपीई किटमध्ये माणूस आत शिजतो, गॉगलवर वाफ धरते आणि पुढचं काही दिसत नाही. एका कॉटपाशी मशीन लावलं, नाव वाचलं आणि पुन्हा चेहऱ्याकडे बघितलं. मी नानांना ओळखलं नाही. टोपी नव्हती. मिशीही नव्हती. मिशीच्या बाजूनं मास्कमधून ऑक्सिजन निसटत होता म्हणून ती काढली होती.

आल्या दिवशी मोठ्या मशीनवर त्यांचा सीटी स्कॅन झाला होता. त्यानंतर ऑक्सिजन काढून त्यांना हलवणं धोक्याचं झालं. डॉक्टरांना ठरवायचं होतं, व्हेंटिलेटरवर घ्यायचं की अजून वाट बघायची. त्यासाठी फोटो हवा होता आणि नाना श्वास घेत नव्हते. म्हणजे घेत होते, पण वरवर, उष्टावल्यासारखा. आदल्या दिवशीच्या फोटोत सगळं पांढरंच दिसत होतं. त्यातला आजार किती आणि न घेतलेला श्वास किती, कुणाला सांगता येत नव्हतं. मी म्हटलं, "नाना, मी फोटोवाला भाऊ. जोरात श्वास घ्या." त्यांनी मान हलवली. डोळे भिंतीकडे. मला त्या दिवशी खरंच भीती वाटली. ज्यांनी मनातून हात टेकलेत, अशी माणसं मी त्या महिन्यात पुष्कळ बघितली होती.

सिस्टर म्हणाल्या, "घरच्यांचा व्हिडिओ कॉल लावते, पण हे तोंड दाखवत नाहीत." नानांनी चादर ओठावर ओढून घेतली. मास्कमधून आवाज आला, "मिशी नही मन्ही. पोर देखी ते रडी."

सिस्टरनी तरी लावला. प्लॅस्टिकच्या पिशवीतल्या मोबाइलवर आख्खी भावकी दिसली, एकमेकांच्या डोक्यावरून. एका काकाचा नुसता कान. कुणी म्हणतंय लिंबू प्या, कुणी म्हणतंय उताणे झोपू नका, एकानं सवयीनं खुळखुळा वाजवला. मग सगळ्यांना बाजूला सारून गौरीचा चेहरा आला. दुधाचे दात पडलेले. नानांनी चादर अजून वर ओढली, तशी ती मास्कवरून घसरली.

"नाना, मिशी कथी गई?"

मी श्वास धरून उभा, आता ही रडणार. ती रडली नाही. तिनं स्क्रीनला नाक लावलं, नानांना बघितलं आणि मागे उभा असलेला मी, पांढऱ्या पोशाखातला, हातात बटण घेतलेला, तिला दिसलो.

"तुमना फोटू काढी राहिनात का?"

नानांनी मान हलवली.

"मंग रडा ना, नाना. रडनं का फोटू चांगला येस. मी बी रडनी व्हती."

मोठ्या माणसाला ही रीत लागू नाही, असं मला तिला सांगता आलं असतं. मी सांगितलं नाही. कारण चादर हलायला लागली होती. मला गॉगलच्या काचेतून काही दिसत नव्हतं. थोडी वाफ होती आणि थोडं माझंच पाणी होतं. छाती वर गेली की नाही, ते बघायची सोय नव्हती. मी कान दिला. मास्कच्या फुसफुसण्यामागून तो आवाज आला, आत ओढला जाणारा, खोल, तुटका, बाळाच्या हुंदक्यासारखाच. अंगठा पडला.

फोटोत खालच्या बाजूला आजार होता, पण वरची फुप्फुसं काळी, मोकळी होती. डॉक्टर म्हणाले, थांबू या. थांबले, आणि नाना त्याच मास्कवर हळूहळू वर आले.

नाना घरी पोचले तोवर अखाजी होऊन गेली होती. पण त्या वर्षी निंबावरचा झोका कुणी सोडला नव्हता. मी भेटायला गेलो तेव्हा नाना टोपी घालून झोक्यावर बसले होते आणि गौरी त्यांना मागून ढकलत होती. बायकांच्या झोक्यावर पुरुष, गावानं हसून घेतलं. नानांना त्याचं काही नव्हतं. ओठावर नुकतीच पांढरी खुंटं फुटत होती.

मला बघून त्यांनी पाय टेकवून झोका थांबवला. "भाऊ, खरं सांगा. त्या मोठ्या मशीनना फोटूमा मन्ही टोपी दिसनी का?"

मी मॅडमना हेच विचारलं होतं. काही रोग्यांमध्ये आजारपणात ही ग्रंथी पुन्हा जराशी जागी होते, असं त्या म्हणाल्या होत्या. नानांच्या छातीत मात्र त्या जागी काही नव्हतं. मी खरं ते सांगितलं. "नाही नाना. तिथे रिकामं आहे. या वयात ती राहत नाही."

नानांनी मागे हात नेऊन गौरीला पुढे ओढलं आणि मांडीवर घेतलं.

"कशी राही?" ते म्हणाले. "तिले दिधी ना मी."